हिरडीतून रक्त येतं, पण दुखत तर नाही!

सांजवेळ · रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे. आज रक्त सांडल्यावर लिहायला बसलोय, अगदी शब्दशः.

गेली दोनेक वर्षं सकाळी ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी थुंकी पडायची. बेसिन पांढरं, त्यामुळे दिसायची. बायको म्हणायची, दाखवून ये. मी म्हणायचो, दुखतंय का? नाही ना? मग! पेस्ट बदलून झाली. मीठवाली झाली, लवंगवाली झाली. शेवटी रक्त येतं त्या बाजूला ब्रश लावणंच कमी केलं. (हे सगळ्यात मोठं गाढवपण होतं, ते काल कळलं.)

गेल्या आठवड्यात पेरू खात होतो. फोड चावली आणि पांढऱ्या गरावर लाल ठसा. मुलगी समोरच बसली होती, ती ओरडली. मग गेलो.

डॉक्टरांनी एक निमुळती सळई काढली, टोकाशी काळे पट्टे असलेली. ती दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच सरकवायची आणि आकडा म्हणायचा. शेजारी एक मुलगी कागदावर उतरवून घेत होती. ‘तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच. सहा, रक्त. सहा, रक्त.’ प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. एसटीचा कंडक्टर थांबे पुकारतो तसं चाललं होतं, आणि मी आपला थांबा कुठला या काळजीत. नंतर सांगितलं की ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ च्या पुढे हिरडी दातापासून सुटायला लागली असं समजा. आणि ६ आहे तिथे खालचं हाड झिजलंय. ओपीजी (सगळ्या जबड्याचा एक्स-रे) काढून दाखवलं. दोन दाढांच्या मधलं हाड बांधावरची माती खचावी तसं खाली बसलेलं. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही म्हणे, उरलंय ते सांभाळायचं.

वय ४६. तंबाखू नाही, सिगारेट नाही. शुगर काठावर.

माझं होईल ते होईल, पण घरी येताना आई आठवली. आई ७४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी असते. लग्नाच्या आधीपासून मिश्री लावते. खालचे पुढचे दात हलतात, दोन आपोआप पडले, आणि तिचंही म्हणणं तेच: ‘दुखत न्हाय, मग कशाला?’ लहानपणी दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजली जायची, घरभर ठसका. मग ती चुरून पत्र्याच्या डबीत. आईचं उजव्या हाताचं पहिलं बोट कायम काळपट.

तर जाणकारांनी सांगावं. न दुखता हाड कसं काय झिजतं? स्केलिंगने, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढल्याने, दात हलतात हे खरं का? आणि आईला कुठे न्यावं?

खडूस म्हातारा · रविवार, रात्री १०:३१

लुबाडले गेलात. दात हलायला लागायचे नसतील तर स्केलिंगच्या वाटेला जाऊ नका. माझ्या मेहुण्याने केलं, पंधरा दिवसांत फटी पडल्या आणि थंड पाणी पिता येईना. आमचे आजोबा कडुनिंबाची काडी आणि राखुंडी, बास. ८८ व्या वर्षी ऊस खायचे. त्यांना कुणी सळया घालून आकडे नाही मोजले.

पिंपळपान · रविवार, रात्री १०:४०

आले का आजोबा? या विषयाच्या प्रत्येक धाग्यावर कुणाचे तरी आजोबा ऊस खात असतात. 😀

बत्तिशी · सोमवार, सकाळी ७:०५

दवाखाना उघडायला तासभर आहे, तेवढ्यात लिहिते. दंतवैद्य आहे, सांगलीकडे वीसेक वर्षं प्रॅक्टिस.

सांजवेळ, आधी रक्ताचं. दात घासून झाल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट थर बसायला लागतो. नखाने खरवडलात तर पिठासारखं पांढरट येतं, ते. तो रोज निघाला तर काही होत नाही. राहिला तर हिरडी सुजते, लाल होते, धक्का लागला की रक्त येतं. याला जिंजिव्हायटिस म्हणतात. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला लावून हे पाहिलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासायला लागल्यावर आठवड्याभरात ताळ्यावर आल्या. म्हणजे रक्त येतं तिथे ब्रश कमी करायचा नसतो, तिथेच नीट करायचा असतो. तुम्ही नेमकं उलटं केलंत. दहातले सात पेशंट तेच करतात, वाईट वाटून घेऊ नका. (हे सात माझ्या खुर्चीवरचे, कुठल्या पाहणीतले नव्हेत.)

तो थर तसाच राहिला की थुंकीतला चुना त्यात बसतो आणि दगड होतो. तोच टार्टर, आपल्याकडे कीट म्हणतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतून जीभ फिरवून बघा. तिथे लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून कीट आधी तिथे. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण तेच. दगड झाला की ब्रश, मीठ, लवंग, कोळसा, कशानेही निघत नाही. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवा थर आणखी पटकन चिकटतो, मग हिरडीखाली शिरतो. हिरडी सुटते, खिसा तयार होतो. आम्ही पॉकेटच म्हणतो. त्या खिशात हवा पोचत नाही, आणि हवा नको असणारेच जंतू तिथे माजतात.

आता न दुखण्याचं. हाड जंतू थेट खात नाहीत. शरीर त्यांच्याशी लढायला जी सूज आणतं, त्या सुजेत शरीरच स्वतःचं हाड मागे घेतं. वर्षानुवर्षं, अर्धा मिलिमीटर, एक मिलिमीटर असं. इतक्या हळू चालणाऱ्या गोष्टीला ठणका नसतो. दाढ किडून नस उघडी पडली की माणूस रात्री दोनला मला फोन करतो. हिरडी दहा वर्षं जात असते आणि फोन येत नाही. मला विचाराल तर तोंडातल्या दुखण्याला जेवढं घाबरावं त्याच्या दुप्पट न दुखण्याला घाबरावं. हे वाक्य इथे लिहून ठेवते, पुढे कामाला येईल.

खडूस काका, मेहुण्यांच्या फटींबद्दल. फटी स्केलिंगने पडल्या नाहीत, त्या होत्याच. त्यांत कीट सिमेंटसारखं भरलं होतं. काढल्यावर दिसल्या, आणि मुळं उघडी पडल्याने थंड लागलं. ती कळ बहुधा काही दिवसांत कमी होते. दात हलत होते तेही कीटानेच बांधून धरले होते. पडकी भिंत वेलीने धरून ठेवावी तसे. वेल काढणाऱ्याने भिंत पाडली असं म्हणायचं का?

आजोबांचंही आहे उत्तर, पण पेशंट आला. संध्याकाळी.

अर्धवटराव · सोमवार, सकाळी ९:५०

डॉक्टरबाई, मी दिवसाला सहा-सात सिगारेटी ओढतो (माहितीये, नका सांगू). पण हिरडीतून रक्ताचा थेंब नाही. म्हणजे ही एक तरी गोष्ट ठणठणीत ना?

बत्तिशी · सोमवार, दुपारी १:४५

नाही ना. हीच तर पंचाईत. निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत पॉकेट ६ चं असलं तरी वरून हिरडी फिकट, घट्ट, रक्त नाही. धूर आहे पण घंटा वाजत नाही अशी गत. सिगारेट सोडलेले लोक उलट येऊन सांगतात, ‘मॅडम, सोडल्यावर रक्त यायला लागलं!’ येऊ द्या. हिरडीला रक्त मिळायला लागलंय. पॉकेट मोजून घ्या.

अर्धवटराव · सोमवार, दुपारी १:५२

एवढं खरं बोलायची गरज नव्हती.

शेवंती · सोमवार, दुपारी २:१०

माझ्या सासऱ्यांचा अनुभव लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होतं. वर्षभरात पुढच्या दातांच्या मधल्या हिरड्या फुगून खाली यायला लागल्या, डाळिंबाचे दाणे असावेत तशा. अर्धे दात झाकले. दुखत नव्हतं (!!) म्हणून गप्प. आम्हाला वाटलं कॅन्सरच, घरात कुणी जेवेना. दंतवैद्याने पहिला प्रश्न विचारला, ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ फिजिशियनने गोळी बदलली, दोनदा खोल स्वच्छता झाली, आणि चार-पाच महिन्यांत बरंचसं ओसरलं. थोडं राहिलं ते कापून काढलं.

बत्तिशी · सोमवार, दुपारी २:३०

छान लिहिलंत. अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, फिटसाठीचं फेनिटॉइन, आणि किडनी बदललेल्यांना देतात ते सायक्लोस्पोरिन, यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. सगळ्यांच्या नाही. तोंडात कीट जास्त असेल तर वाढ जास्त. पण हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका. हिरडी सांभाळताना अर्धांगवायू ओढवून घ्याल.

कुठल्याही गोळीविना हिरड्या झपाट्याने सुजल्या, सोबत थकवा, ताप, अंगावर काळेनिळे डाग असतील तर मात्र आधी रक्त तपासा. रक्ताचा कर्करोग कधीकधी पहिल्यांदा हिरडीतच दिसतो.

मीठभाकर · सोमवार, दुपारी ३:१५

माझी शुगर अशीच सापडली. हिरडीवर गळू यायचं, फुटायचं, महिन्याने दुसरीकडे. तिसऱ्या वेळी दंतवैद्य म्हणाली, आता मी औषध देत नाही, आधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून या. ९.८ निघाली. चाळिशी पण ओलांडली नव्हती. शुगर जास्त असेल तर हिरडी बिघडते हे ऐकलं होतं. हिरडीतली सूज शुगरलाही वर ढकलते, हे तेव्हा कळलं. दोन्ही एकदम आवरायला घेतलं तेव्हा कुठे गळवं थांबली.

सांजवेळ, ‘शुगर काठावर’ एवढंच एका ओळीत उडवून लावलंयत. ती ओळ परत वाचा.

गुळपोळी · सोमवार, दुपारी ४:००

धागा वाचून घाबरायला झालं. मला पाचवा महिना चालू आहे आणि आठवड्याभरापासून ब्रश करताना रक्त. सासूबाई म्हणतात गरोदरपणात ‘दाताला हात लावायचा नाही’.

बत्तिशी · सोमवार, रात्री ९:२०

गुळपोळी, घाबरू नका. दिवस राहिल्यावर बदलणाऱ्या हॉर्मोन्समुळे हिरडी थोड्याशा थरालाही जास्त चिडते. एखादीला दोन दातांमध्ये लाल गाठ येते, ती बाळंतपणानंतर बहुधा जिरते. स्वच्छता करून घ्यायला मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे, म्हणजे तुमचे आत्ताचेच. सासूबाईंना म्हणावं, दाताला नाही, कीटाला हात लावतेय.

आता आजोबा. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात १९७० पासून ४८० मजूर पुरुषांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ब्रश माहीत नाही, दवाखाना नाही, सगळ्यांच्या दातांवर कीटाचे थर आणि सुजलेल्या हिरड्या. त्यातल्या ८ टक्के लोकांचं हाड धडाधड गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने गेलं, आणि ११ टक्के असे की सूज होती पण हाडापर्यंत रोग गेलाच नाही. काही न करता! खडूस काका, तुमचे आजोबा त्या ११ टक्क्यांतले असावेत. अडचण एवढीच की आपण कुठल्या गटात हे सांगणारी सोपी तपासणी आज तरी माझ्या दवाखान्यात नाही. सळई घालून आकडे मोजणं, तेवढीच आहे.

काडीला माझी ना नाही. चावून मऊ कुंचला केला, हळू फिरवली तर बरी. राखुंडी, विटकर, गेरूची लाल मंजनं यांना मात्र हात जोडते. हिरडीजवळ दातावर कुऱ्हाडीने घाव घातल्यासारख्या खाचा पडतात.

खडूस म्हातारा · सोमवार, रात्री ९:४४

११ टक्के. बरं. आजोबांचा अभ्यास करायला कुणी डेन्मार्कहून आलं नाही म्हणून, नाहीतर १२ टक्के झाले असते.

बोरकूट · मंगळवार, सकाळी ८:३०

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. मुलीचं परीक्षा आली की तोंड येतं. ओठाच्या आत पांढरट खड्डा, भोवती लाल कडा, मीठ लागलं की टिपं गाळते. जाईचा पाला चावायला दिला, तूप लावलं, ज्येष्ठमध झालं. आठ-दहा दिवसांत जातं, दीड महिन्याने परत. हेही हिरडीचंच का?

पिंपळपान · मंगळवार, सकाळी ८:४१

जाईचा पाला +१. आमच्याकडे हमखास गुण.

बत्तिशी · मंगळवार, दुपारी १:३०

गुण येणारच! हे फोड ७ ते १४ दिवसांत काही न करता भरतात. त्यामुळे आठव्या दिवशी जे लावाल ते औषध ठरतं. पाला चघळा, तूप लावा, त्रास कमी होतो तर चांगलंच आहे.

हे हिरडीचं नाही, जंतूंचंही नाही, उष्ट्याने पसरतही नाही. जागरण, ताण, टोकदार दात घासणं, काहींना पेस्टमधला फेस आणणारा पदार्थ. पण वारंवार येत असेल तर हिमोग्लोबिन, बी१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड तपासा. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं इतकं सवयीचं झालंय की मी आधी तेच विचारते. जीभ गुळगुळीत, लालसर, तिखट सोसत नाही असं असेल तर आणखीच.

आणि माझं कालचं वाक्य आठवा. बोरकूटताईंच्या मुलीचे फोड रडवतात, पण ते निरुपद्रवी. मला झोप लागत नाही ती तीन आठवडे भरत नाही आणि दुखतही नाही अशा फोडाने.

कवडसा · मंगळवार, दुपारी २:०५

आईच्या टाळूवर कवळीच्या आकाराचा लालभडक पट्टा आहे. आणि दम्याचा पंप घेणाऱ्या वडलांच्या जिभेवर दह्यासारखा थर, पुसला की निघतो, खाली लाल. हे काय?

बत्तिशी · मंगळवार, दुपारी २:१२

दोन्हीकडे बुरशीच, कँडिडा. आई कवळी घालूनच झोपतात ना? रात्री काढून पाण्यात ठेवायची, घासून धुवायची. वडलांनी पंप घेतल्यावर दर वेळी चूळ भरून टाकायची, गिळायची नाही. औषध लागेल, दाखवून घ्या. पुसून निघतो तो थर फारसा भीतीचा नाही. पुसून निघत नाही तो वेगळा विषय.

संत्रावाला · मंगळवार, रात्री ११:१८

हा वेगळा विषय मीच काढतो मग. नागपूरकडचा आहे. आमच्याकडे पोट्टे नववी-दहावीपासून खर्रा खातात. तुमच्या पुण्या-मुंबईकडच्यांना माहीत नसेल तर सांगतो: कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोट-घोट घोटायचं. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा पानठेल्यावर बसल्या बसल्या घोटून भेटते.

लहान भाऊ, वय २९. दोन वर्षांपूर्वी म्हणे, वहिनी, भाजीत तिखट कमी टाका. सावजी खाणारा माणूस! आम्ही हसलो. मग म्हणे ॲसिडिटी आहे. गोळ्या खाल्ल्या सहा महिने. एक दिवस पोराच्या वाढदिवसाला पाणीपुरी आणली, याने पुरी हातात घेतली आन खालीच ठेवली. मी म्हटलं काहून रे? तर पुरी तोंडात जाऊनच नाही राहिली. आ केला तर दोन बोटं पण जाईना. गाल आतून हात लावला तर चामड्यासारखा कडक, पांढुरका, अंदर दोऱ्या ताणल्यासारख्या. इतके दिवस पुरी पहिले फोडून मग तुकडे खात होता, पोळी गुंडाळून बारीक करून खात होता, कोणाच्या लक्षात नाही आलं. बायकोच्या पण नाही.

दंत महाविद्यालयात नेलं. आता आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून तोंड उघडायचा व्यायाम करते, गालात इंजेक्शनं झाली. दोन बोटांवरून अडीच बोटं. खर्रा सुटला, सुपारी चोरून खाते असा मला डाऊट आहे. त्याचं म्हणणं, तंबाखू तर सोडली, सुपारीनं काय होते?

बत्तिशी · बुधवार, सकाळी ७:१०

सुपारीनेच होतं. हा आजार तंबाखूचा नाही, सुपारीचा. ऑरल सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आवरणाखाली तंतू तयार होत राहतात आणि नेहमीसारखे विरघळत नाहीत, त्यात सुपारीतल्या तांब्याचीही भर. साधी, भाजकी, गोड, वासाची, कुठलीही सुपारी. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूविना नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकली. १९५२ मध्ये या आजाराची पहिली नोंद झाली तीच केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांची, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी इथले रुग्ण नोंदवून त्याला आजच्या नावाच्या जवळचं नाव दिलं. समुद्र ओलांडला तरी सुपारी सोबत गेली.

झालेला ताठरपणा पूर्ण जात नाही, थांबवता येतो. आणि काहींच्यात पुढे त्याच जागी कर्करोग होतो, म्हणून भावाची तपासणी आयुष्यभर. त्याला ओरडण्याऐवजी हे वाचायला द्या.

बाकी सगळ्यांनी आत्ता, फोन खाली ठेवून, आपली मधली तीन बोटं एकत्र धरून उभी तोंडात घालून बघा. समोरच्या दातांमध्ये तीन गेली पाहिजेत.

अर्धवटराव · बुधवार, सकाळी ९:१५

ऑफिसच्या कँटीनमध्ये केलं. तीन गेली. एचआरवाली बघत होती.

खडूस म्हातारा · बुधवार, सकाळी ९:४०

उभी म्हणजे एकावर एक ना? आडवी घातली मी आधी. आडवी चार जातात.

मांडवीकाठ · बुधवार, सकाळी १०:२०

गोव्याहून. आमच्याकडे जेवण झाल्यावर पान-सुपारी म्हणजे पाहुणचार. माझी मावशी तंबाखूला शिवत नाही, पण दिवसाला दहा-बारा वेळा सुपारीचं खांड गालात. हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाली, ‘देवाला ठेवतो ती कशी वाईट असेल?’ यावर काय बोलायचं सुचलं नाही.

शेवंती · बुधवार, सकाळी १०:३५

देव गालात धरून ठेवत नाही म्हणावं.

सांजवेळ · शनिवार, रात्री ८:५०

उशिरा येतोय, कारण गावी जाऊन आलो. जरा सविस्तर लिहितो.

आई यायला तयार नव्हती. ‘साठ वर्षं लावतीया, आता काय व्हायचंय.’ शिवाय मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही हा ब्रह्मदेवाचा लेख. शेवटी नातीने फोनवर रडून दाखवलं, तेव्हा निघाली. डबी कमरेला होतीच.

खासगीत न नेता दंत महाविद्यालयात नेलं. रांग होती, पण केसपेपर किरकोळ पैशांत, आणि एकामागून एक तिघांनी तोंड बघितलं. शिकाऊ मुलगी होती, बावीस-तेवीसची. हलणारे दात सगळे बघत होते. हिने मात्र गॉजचा तुकडा धरून आईचा खालचा ओठ बाहेर वळवला आणि विचारलं, ‘आजी, मिश्री कुठे ठेवता?’ आईने बोट दाखवलं. नेमकं तिथेच, ओठ आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, अंगठ्याच्या नखाएवढा सुरकुतलेला पांढरा डाग. भिजलेल्या बोटाची कातडी होते तसा. गॉजने पुसला, गेला नाही. ‘दुखतं का?’ ‘न्हाय बया, कळत बी न्हाय.’ ती मुलगी एकदम गप्प झाली आणि सरांना बोलवायला गेली. बत्तिशीताई, तेव्हा तुमचं वाक्य आठवून पोटात गोळा आला.

लगेच तुकडा काढला, बायोप्सीला. आज रिपोर्ट आला. ल्युकोप्लेकिया (म्हणजे तो पुसून न जाणारा पांढरा डाग), सौम्य डिस्प्लेशिया (पेशींत थोडा बिघाड). कर्करोग नाही. पण पेशी रस्ता सोडायला लागल्यात, असं सरांनी सांगितलं.

तिथल्या भिंतीवर तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनचा नंबर होता, १८००-११-२३५६. पुड्यांवरही असतो म्हणे. निकोटीनच्या च्युइंगगमबद्दल विचारलं तर आई म्हणाली, ‘चावायला दात कुठं हायेत?’ अख्खी ओपीडी हसली.

बत्तिशी · शनिवार, रात्री ९:३०

त्या शिकाऊ मुलीला माझ्याकडून पेढे. ओठ वळवून बघणं आम्ही अनुभवी लोकही विसरतो.

आईंचं हाताबाहेर गेलेलं नाही. मिश्री पूर्ण बंद झाली तर असे डाग काही वेळा फिके होतात, जातातही. पण तपासणी चुकवायची नाही. डागाचा रंग बदलला, मध्ये लाल दिसू लागलं, जाड वा खरखरीत झाला, जखम झाली तर तारखेची वाट बघू नका. लाल डाग पांढऱ्याहून जास्त वाईट. आपल्या देशात तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त दिसतो तो इथेच, गाल आणि हिरडीच्या खाचेत. तंबाखूची चिमूट जिथे तासन्‌तास बसते तिथे. चुना लावला की निकोटीन आणखी भरभर शिरतं, आणि आवरण भाजून निघतं ते वेगळंच.

पोट साफ होण्याचं त्या खोटं बोलत नाहीत. निकोटीनने आतडी हलतात. सोडल्यावर आठ-पंधरा दिवस बद्धकोष्ठ होईल, चिडचिड होईल. सकाळी गरम पाणी, रात्री इसबगोल. नाहीतर चौथ्या दिवशी ‘पोटासाठी’ म्हणून परत सुरू होते. बायकांची मिश्री बहुतेक वेळा याच दाराने परत येते.

मीठभाकर · शनिवार, रात्री ९:४१

आणि तुमची शुगर? तुम्ही कावेबाजपणे आईबद्दलच लिहिलंत.

सांजवेळ · शनिवार, रात्री ९:५५

पकडलंत. एचबीएवनसी ६.४. डॉक्टर म्हणाले काठावरून आत पाय टाकायच्या बेतात. खोल स्वच्छतेचे दोन भाग झाले, हिरडी बधिर करून. आवाज दगडावर टाकी मारावी तसा डोक्यात घुमतो, पण दुखलं नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या दोन आठवडे करायच्यात, त्याने आत्ताच चहाची चव गेली आणि दात तपकिरी दिसायला लागले. ते डाग नंतर पॉलिशने जातात म्हणे. ब्रश तिरपा धरून, केस हिरडीच्या कडेला टेकवून, हळू. दोन मिनिटं म्हणजे किती मोठी असतात हे घड्याळ लावल्यावर कळलं. चौथ्या दिवसापासून बेसिन पांढरं.

खडूस म्हातारा · शनिवार, रात्री १०:२०

आईंना नमस्कार सांगा. आमची हीसुद्धा मशेरी लावते, बाथरूममध्ये कडी लावून. तिला वाटतं मला माहीत नाही. चाळीस वर्षं झाली. ओठ वळवून बघायचा म्हणजे खालचा ना? वरचाही?

बत्तिशी · शनिवार, रात्री १०:२४

दोन्ही, काका. आणि गाल आतून, आणि जिभेच्या दोन्ही कडा, आणि जिभेखाली. खिडकीशी बसवून, उजेडात. आधी तुम्हाला माहीत आहे हे सांगावं लागेल मात्र.

सांजवेळ · पुढचा रविवार, दुपारी १२:०५

नवव्या दिवसाचा अहवाल. आई आमच्याकडेच आहे. सहाव्या दिवशी फार चिडली, मुलीशी भांडली, जेवली नाही. सातव्या दिवशी आमटी चाखून म्हणाली, ‘मीठ लई पडलंय.’ बायको वर्षानुवर्षं आईसाठी मीठ चढं टाकते, कारण तिला चव लागायची नाही. आता लागते.

आज सकाळी तांदळाच्या डब्यात हात घातला तर तळाशी पत्र्याची डबी. उघडली, अर्धी भरलेली. तशीच परत ठेवली, तांदूळ वर सारखे केले. बत्तिशीताई, सांगू का तिला?

बत्तिशी · पुढचा रविवार, दुपारी १२:४०

अर्धी आहे ना? उद्या परत बघा, अर्धीच आहे का. तोवर गप्प बसा. पुढची तपासणी कधी आहे?

सांजवेळ · पुढचा रविवार, दुपारी १२:४३

१८ तारखेला.